नसलेल्या दारापुढची रांगोळी

आमच्या सोसायटीसमोर गवत माजलेला एक प्लॉट आहे. 'शाळा व दवाखान्यासाठी राखीव' ही तिथली पाटी गंजली, भोवती इमारतींवर इमारती उठल्या. निधीचं मात्र दरवेळी 'पुढच्या वर्षी बघू'. साधा ताप आला तरी आम्हाला नदीपलीकडे जावं लागतं.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू बायकांनी तिथेच ठेवलं. गवत काढलं, सतरंज्या अंथरल्या, नगरसेविकेला आमंत्रण दिलं. मी पोचले तेव्हा शेजारच्या शिंदेकाकू पाटीखाली बसून रांगोळी काढत होत्या.

"काकू, रांगोळी दारापुढे काढतात ना?"

"मग हे दारच आहे. आत डावीकडे दवाखाना, उजवीकडे शाळा. आणि तू काय भिंतीतून आलीस?"

मला हसू आलं. पण मी मागे फिरले आणि रांगोळीच्या कडेने आत आले. सगळं मैदान मोकळं असूनही प्रत्येक बाई तिथूनच येत होती. एखादी गोष्ट मागायची, तर ती आहेच असं आधी आपण वागायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

नगरसेविका फोनवर बोलत आल्या. रांगोळी पाहून थबकल्या. फोन बंद केला आणि त्या नसलेल्या उंबऱ्याबाहेर त्यांनी चपला काढल्या.