मेडिकलच्या काउंटरवरची मारामारी

साल दोन हजार तेवीस. मी बहात्तर वर्षांचा होतो आणि चाळीसगावच्या बाजारात हमालांचा मुकादम होतो. शाळा दुसरीपर्यंत. पण टोळीत माझ्यापुढे आवाज चढवायची कुणाची हिंमत नव्हती. ज्याने चढवला त्याला मी तिथल्या तिथे आडवा केलेला आहे.

त्या वर्षी धुळ्याला प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. नळी निघाली आणि लघवी ताब्यात राहीना. गोणी उचलली की ओलं, खोकलो की ओलं. जुनं धोतर फाडून त्याच्या घड्या लंगोटात कोंबायचो. मांड्या सोलून निघाल्या. मक्याचा हंगाम, अंगाची लाही, तरी दिवसभर पाणी पीत नव्हतो. घरीसुद्धा बोललो नाही. टोळीला कळलं तर मुकादमी गेली समजा. ओल्या पायजम्याच्या माणसाचं कोण ऐकतो?

शेवटी बाजारासमोरच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकान मारवाडी शेठचं, काउंटरला चाळिशीचा एक माणूस, आमच्याच भागातला. त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगितलं. पण त्या दुकानाची रीत अशी, की गोळ्या-औषधं खाली आणि मोठा माल माळ्यावर. खालून ओरडायचं, वरचा माणूस माल टाकायचा. त्याने मान वर केली.

"आबाले डायपर टाक रे, मोठा माणूसनं."

वरून आवाज आला, "आबानी कंबर कितली शे?"

मागे गिऱ्हाईक हसलं. त्यात माझ्या टोळीतले दोघं होते.

मी मूठ काउंटरच्या काचेवर घातली. काच फुटली, मनगट चिरलं. त्याच हाताने त्याची मान धरून डोकं लाकडी कप्प्यावर आपटलं. एकदा आपटून राग गेला नाही म्हणून परत आपटलं. भिवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. आंधळ्यासारखी त्याने लाथ झाडली ती माझ्या पोटात बसली. मी पायरीवर उताणा पडलो आणि सगळ्या बाजारादेखत पायजमा भिजला. ते पाहून टोळीतली पोरं दुकानात घुसली. बाटल्या फुटल्या, फळ्या उपटल्या. मध्ये हात जोडून उभ्या राहिलेल्या शेठच्याही थोबाडीत बसली.

शेठ पोलिसात गेला नाही. त्याचं निम्मं गिऱ्हाईक हमालांचं, आणि त्या दिवसापासून एकही हमाल त्याची पायरी चढेना. मीही बाजारात जाईना. आठवड्याने शेठच घरी आला. जळगावहून एक सिस्टर बोलावली आहे म्हणाला, दुकानातल्या माणसांना या दुखण्याचं गिऱ्हाईक कसं सांभाळायचं ते शिकवायला. तुम्ही येऊन बसा, म्हणजे तुमची माणसं परत येतील. मी म्हटलं, येतो, पण काठी घेऊन येतो.

दुपारी शटर अर्धं ओढून सगळे बसलो. सिस्टर म्हणाली, एकाने गिऱ्हाईक व्हायचं, एकाने दुकानदार. गिऱ्हाईक व्हायला कुणी तयार होईना. मी उठलो. दुकानदार म्हणून समोर तोच आला, भिवईला टाके घेऊन. मी मागणी केली आणि सवयीने त्याची मान वर गेली. माझी काठी उचलली गेली.

"आबा, काठी खाली," सिस्टर म्हणाली. "तो शिकतोय. तुम्हीही शिका."

तिच्याशी भांडलो असतो, पण तिने वाटच पाहिली नाही. त्याला काउंटरबाहेर काढलं, मला वजनकाट्याजवळच्या कोपऱ्यात उभं केलं आणि कसं विचारायचं ते त्याला सांगितलं. तो घाबरतच जवळ आला.

"आबा, बसल्या बसल्या होतं, की जोर लावल्यावर?"

तोवर ही गोष्ट मला कुणी विचारली नव्हती. अंगाची अशी आग झाली की वाटलं, दुसरी भिवईही फोडावी. दात आवळून म्हटलं, "जोर लावल्यावर."

मग सिस्टर सगळ्यांना समजावून सांगायला लागली. ऑपरेशननंतर असं पुष्कळांना होतं. विचारल्याशिवाय डायपर गळ्यात मारू नका. थोडं गळत असेल तर पुरुषांचे पॅड असतात. लघवी रोखताना आवळतो तसं आवळायचा व्यायाम असतो, त्याने महिन्या-दोन महिन्यांत फरक पडायला लागतो. रक्त किंवा जळजळ असेल तर डॉक्टरकडेच पाठवा. पाणी तोडू नका, घट्ट लघवीने त्रास वाढतो. चिंधी कोंबू नका. हे शेवटचं म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचं बरं होतं. मग तिने माळ्यावरचा माल खाली आणायला लावला. गिऱ्हाइकाच्या हाताला येईल असा ठेवा म्हणाली. पाकिटं मी त्याच्याकडूनच लावून घेतली. त्याने दोनदा वाकडी लावली, मी दोनदा पाडायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅड लावलं, पोटभर पाणी प्यालो आणि बाजारात गेलो. मक्याची गाडी लागली होती. जे दोघं त्या दिवशी हसले होते, त्यातल्या एकाने सगळ्यांदेखत विचारलं, "आबा, आज डायपर बांधं का?"

म्हटलं, "बांधेल शे. तू वाक."

तो वाकला, आणि गाडीतली गोणी ओढून मी त्याच्या पाठीवर टाकली, जरा जोरातच.