चुनाबाई आणि पंपघराचं धुराडं

आमच्या 'जुन्या वास्तू जतन मंडळा'चा अध्यक्ष मी. अध्यक्ष होण्यासारखं माझ्यात काय आहे, असं कुणी विचारलंच तर खरं उत्तर एवढंच, की माझ्या चष्म्याच्या दुकानामागे एक रिकामी खोली आहे. बैठका तिथे होतात, चहा माझा असतो, म्हणून खुर्चीही माझी. मंडळ खऱ्या अर्थानं चालवते ती चुनाबाई.

चुनाबाई हे अर्थातच तिचं नाव नव्हे. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या, मोडलेल्या, ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा चालायला लावणं हे तिचं काम. आवाज गोड, पण सबबी ऐकून घ्यायची तयारी अजिबात नाही. पेशंट "दुखतंय हो" म्हणाला की ती म्हणते, "दुखू दे, आपण गप्पा मारत चालू."

मंडळाची स्थापना मात्र इंजिनिअरकाकांची. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला ताठ, तिरसट माणूस. एकदा न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि काका चुनाबाईच्या तावडीत सापडले. पण काका पलंगावरून उतरायलाच तयार नव्हते. दिवसभर पडल्या पडल्या एकच विषय: नदीच्या वळणावरचं जुनं पंपघर. लाल विटांचं, उंच कमानदार खिडक्यांचं, शेजारी आभाळात गेलेलं धुराडं. गावाला पहिलं नळाचं पाणी तिथल्या वाफेच्या पंपानं दिलं. उमेदवार म्हणून काका तिथेच लागले होते, कामही तिथेच शिकले. आता ते बंद पडलंय, पडायला आलंय, आणि कुणाला त्याचं काही नाही.

चुनाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, त्या दारापर्यंत चालून दाखवा. मग मी तुमचं पंपघर बघायला येते."

"शब्द देतेस?"

"दिला."

काका दात-ओठ खात दारापर्यंत गेले. नुसते गेले नाहीत, परतही आले. काका काठीवर चालायला लागल्यावर हिला त्यांच्यासोबत जावंच लागलं.

पंपघरात मंडळाची डागडुजी करणारा आमचा मिस्त्री भिंतीवर थापीच्या दांड्यानं ठोकून बघत होता. आवाज पोकळ येत होता. पूर्वी कुणीतरी हौसेनं त्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहिली नाही आणि विटा चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या झाल्या. काकांनी तिला समजावलं, की चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, सिमेंट तिचं तोंड दाबतं. तिनं विचारलं, "मग हे खरवडून काढायचं आणि चुन्याचं करायचं. एवढंच ना?" एवढंच! आम्ही सगळे हसलो होतो. पुढच्या सुट्टीला ही बाई हातमोजे घालून, डोक्याला फडकं बांधून हजर. तेव्हापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नाही. इस्पितळात, भाजीच्या दुकानात, नातेवाइकांच्या बारशा-लग्नात, जिथे जाईल तिथे चुना. लोक म्हणायचे, "सांभाळा, ही बाई येईल आणि चुना लावून जाईल." तिच्या नवऱ्यानंच हे नाव पसरवलं असा माझा संशय आहे.

तिच्या रेट्यानंच नगरपालिकेनं पंपघर आमच्या ताब्यात दिलं. अट एकच: ते कुणाच्या अंगावर पडता कामा नये.

आणि ते पडलं. भर दुपारी वादळ उठलं. मिस्त्री हॉलच्या छपरावरची ताडपत्री बांधत होता. धुराड्याच्या माथ्याचा कठडा सुटला आणि छपराचा कोपरा फोडून आत आला. त्याच्याबरोबर मिस्त्रीही खाली कोसळला आणि तुळईखाली सापडला. त्याला आणलं ते चुनाबाईच्याच इस्पितळात. स्ट्रेचरवर पाय वेडावाकडा झालेला, चेहरा विटकरीनं माखलेला. तिला बघून म्हणाला, "ताई, पूर्वेची भिंत शाबूत आहे." मग त्याची शुद्ध गेली.

मिस्त्रीची बायको धावत आली. ती चुनाबाईला सरळ म्हणाली, "तुमच्या विटांपायी माझा माणूस मोडला."

चुनाबाई ऑपरेशन संपेपर्यंत तिच्या शेजारी बाकावर बसून राहिली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पाय वाचला. तेव्हा ती बायकोकडे वळली. "त्याला चालतं करणं माझ्याकडे लागलं," एवढंच बोलली.

गावाचा नूर बदलला. पंपघरासमोर फोटो काढून घेणारेच म्हणायला लागले, पाडून टाका एकदाचं. नगरपालिकेनं आपली इंजिनिअर पाठवली. तरुण मुलगी. आम्हाला वाटलं, ही आली तशी शिक्का मारून जाणार. पण ती सबंध सकाळ ओळंबा लावून धुराडं तपासत होती, पायाशी उकरून बघत होती. मग हात झटकत आमच्याकडे आली.

"खरं सांगते," ती म्हणाली. "माझ्यावर सगळंच पाडायचा दबाव आहे. पण हॉल चांगला आहे. धुराडं मात्र हॉलच्या बाजूला कललंय आणि त्याचा पायाच कुजलाय. पुढच्या वादळांच्या आत ते उतरवलंत तर हॉल वाचेल, माझी सही त्यावर मिळेल. नाही उतरवलंत तर मशीन येईल आणि दोन्ही जाईल."

"लोखंडी पट्टे आवळून धरता येईल का?" चुनाबाईनं विचारलं.

"वरचं धरता येईल. पायाचं काय कराल?"

त्याच संध्याकाळी माझ्या मागच्या खोलीत बैठक बसली. काका काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते.

"धुराड्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "धुराड्याशिवाय पंपघर म्हणजे नाक कापलेला चेहरा."

"नाक गेलं तरी माणूस जगतो, काका," चुनाबाई म्हणाली.

 काकांनी काठी जमिनीवर आपटली.

"आपण जतन मंडळ आहोत की पाडकाम मंडळ? तुला इथे मी आणलं, विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणून तर तुमच्या तोंडावर सांगतेय. मिस्त्री जगला हे नशीब. पुढच्या वेळी कोण खाली असेल, ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. आणि हॉल गेला तर मागे काय राहील? तुमच्या आठवणी आणि माझं खरवडणं."

काका उभे राहिले. "ठीक आहे. तुम्ही करा तुम्हाला काय करायचं ते," ते म्हणाले. आजवर ते तिला अगं-तुगं करत. तो 'तुम्ही' ऐकून तिचा चेहरा पडला. दुकानाच्या पायऱ्या काका कुणाचा हात न धरता उतरले, आधी दुखरा पाय, मग चांगला. तिनंच शिकवल्याप्रमाणे.

हात वर झाले. धुराडं उतरवायचं ठरलं. आनंद कुणालाच झाला नाही.

घरी नवरा म्हणाला, "सोड ना आता. बास झालं."

"सोडायचंच असतं तर काकांना दुखवलं कशाला असतं?" ती म्हणाली आणि जेवायला बसली.

मशीनचा हादरा हॉलच्या भिंतीला सोसला नसता, म्हणून धुराडं हातानं उतरवायचं होतं. चहूबाजूंनी परांची बांधून, माथ्यापासून एकेक वीट सोडवून, टोपलीनं खाली. एक कंत्राटदार ऐकूनच हसत निघून गेला. दुसऱ्यानं परांची दिली, माणसं दिली नाहीत. मिस्त्रीच्या हाताखालचे दोन गवंडी वर चढले आणि खाली आम्ही: मी, मंडळाचे बाकीचे सदस्य, इस्पितळातल्या दोन नर्सा, आणि चुनाबाईचा नवरा, जो फक्त डबा द्यायला आला होता. उतरलेल्या विटांवरचा जुना चुना खरवडून त्या रचायच्या. चष्म्याच्या काचा हाताळणारी माझी बोटं त्या उन्हाळ्यात ओळखू येईनाशी झाली. रस्त्यावरून जाणारे खवचटपणे म्हणायचे, "काय हो, वाचवायला निघाला होतात ना?" चुनाबाई म्हणायची, "हो, या, हात लावा, लवकर उरकेल." काही जण खजील होऊन निघून जात. काही जण खरंच बाह्या सरसावत.

रोज इस्पितळात जायच्या आधी ती मिस्त्रीच्या घरी जाऊन त्याचा व्यायाम घ्यायची. मिस्त्रीची बायको दार उघडायची आणि न बोलता आत जायची. असं कितीतरी दिवस चाललं. मग एकदा चहाचा कप पुढे आला, तोही न बोलता. आणि एके सकाळी रिक्षातून ती स्वतःच पंपघराशी उतरली. मागून मिस्त्री, कुबड्यांवर.

"घरी बसवला तर हा माणूस माझं डोकं खाईल," ती म्हणाली. "खुर्ची आणलीय. वर चढू देऊ नका म्हणजे झालं." त्या दिवसापासून मिस्त्री खुर्चीत बसून वरच्यांवर ओरडायला मोकळा झाला.

धुराडं अर्ध्याच्या खाली आलं आणि काम अडलं. हॉलच्या भिंतीत नवीन भेग दिसली. बॉयलरचा धूर धुराड्यापर्यंत नेणारं बोळ त्या भिंतीच्या पोटातून कुठून तरी वळत होतं, आणि धुराड्याचं ओझं उतरलं तशी भिंत त्या पोकळीच्या बाजूला सरकू पाहत होती. बोळ नेमकं कुठे वळतं ते कळल्याशिवाय आधार कुठे द्यायचा? नगरपालिकेच्या इंजिनिअरनं कपाटं पालथी घातली, पण नकाशा मिळाला नाही.

"एका माणसाला माहीत असेल," मी म्हणालो. चुनाबाई आधीच चप्पल घालत होती. तिनं मला सोबत घेतलं, बहुधा काकांनी दार लावून घेऊ नये म्हणून.

"या, बसा," काका म्हणाले. पाहुण्यांना म्हणतात तसं.

तिनं भेगेचं सगळं सांगितलं.

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर आम्ही अंदाजानं आधार देऊ. अंदाज चुकला तर भिंत जाईल. पण काम थांबणार नाही, काका."

काका खिडकीकडे वळले. "मला वाटलं होतं, तू माफी मागायला येशील."

"माझं चुकलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला किती लागलंय ते मला दिसतं. रोज दिसतं. तरी माझं चुकलेलं नाही."

काकांनी काठी उचलली. "गाडी आहे ना बाहेर? की चालवत नेणार आहेस?"

उमेदवारीच्या दिवसांत काकांनी त्या बोळात रांगत जाऊन काजळी काढली होती. हॉलमध्ये आल्यावर त्यांनी भिंतीला तळवा लावला, डोळे मिटून चार पावलं सरकले आणि काठीनं टोचून म्हणाले, "इथे वळतं. इथून खाली उतरतं. इथे कमान घाला, नुसता टेकू चालणार नाही." इंजिनिअरनं खडूनं खूण केली, मिस्त्रीनं मान डोलावली. तिथे उकरलं तेव्हा बोळ निघालं, काका म्हणाले होते त्याहून हातभर पुढे. "विटा सरकल्या असतील," काका म्हणाले. कुणी वाद घातला नाही. बाहेर पडताना त्यांनी धुराड्याकडे पाठ ठेवली आणि मला घरी सोडायला सांगितलं.

कमान बसली, भेग थांबली. वादळं सुरू होण्याआधी धुराडं छपराच्या उंचीला आलं. त्याच्याच विटा छपराच्या फुटक्या कोपऱ्याला आणि पूर्वेच्या भिंतीला लागल्या, चुन्यात. त्या वर्षीचं पहिलं वादळ गावातली होर्डिंग आणि शाळेचे पत्रे घेऊन गेलं. वारा पडल्यावर आम्ही धावत पंपघराकडे गेलो. नगरपालिकेची इंजिनिअर आमच्या आधीच आत होती, बॅटरीनं कोपरे बघत. "कोरडं आहे," ती म्हणाली. चुनाबाई जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता हॉलमध्ये टेबल टेनिसचा क्लब चालतो. इमारत नुसती झाडून पुसून ठेवली तर ती पुन्हा मरते, असं चुनाबाईचं मत. तिथे रोज माणसांची ये-जा हवी. उजेड भरपूर, वाऱ्याचा त्रास नाही, खेळणारे खूश आहेत. मिस्त्री जरासा लंगडतो, पण परांचीवर चढतो. बायकोला ते माहीत आहे आणि ती ते माहीत नसल्यासारखं करते.

काका मंडळात परत आले नाहीत. पण सुट्टीच्या दिवशी हॉलच्या कोपऱ्यातल्या जुन्या पंपाशेजारच्या बाकावर येऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पंप समजावतात. शेवटी हमखास आवाज चढवून सांगतात, "इथे धुराडं होतं, गावातलं सगळ्यात उंच. ह्या लोकांनी उतरवलं." चुनाबाई तिथेच असते, कधी खिडकीच्या विटांमधल्या दर्जा चुन्यानं भरत, कधी कुणाला रॅकेट शोधून देत.

एकदा न राहवून मी म्हटलं, "अगं, त्यांना एकदा तरी सांग, का उतरवलं ते."

"त्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "ते आले, बसले, बोलले. मला पुरे आहे. तू तो चुन्याचा डबा इकडे दे."

मी डबा दिला. तिकडे काकांनी एका शाळकरी मुलीला पंपाचं चाक दाखवायला सुरुवात केली होती, आणि खिडकीची खालची कड अजून ओली होती.