बिनविरोध झालेली सोसायटी

गेवराईला तहसीलसमोर उपोषणाला बसलो, त्या दिवशी मी चारचौघांत शेंगदाणे खाल्ले. मुद्दाम नाही. खिशात होते, हात गेला आणि तोंड चालू झालं. आमच्या आंदोलनाचा पुढारी माझा वर्गमित्रच. कानाशी येऊन म्हणाला, "अबे, उपोषणाला बसलायस का राखणीला?" मी उरलेले त्याच्या हातावर ठेवले. त्यानं इकडंतिकडं बघून तोंडात टाकले.

मागणी साधी होती. गावच्या शेतकऱ्यांच्या कर्ज-सोसायटीवर सरकारनं प्रशासक बसवलेला, निवडणूक घ्यायचं नाव नाही. दुष्काळात जनावरांची छावणी सोसायटीनं चालवायची. पण ती कुठं, हे त्या परक्या साहेबानं ठरवलं आणि गावापासून लांब, माजी चेअरमनच्या माळावर नेली. जमीन बायकोच्या नावावर, म्हणून सोसायटीची सभासद ती. मी नुसता तिचा नवरा. म्हशीची धार काढायला रोज उन्हात तीच माळावर जायची. "आपली माणसं निवडून आली की छावणी गावात येती," म्हणायची. मोर्चात ती पुढं आणि मी मागून घोषणा देणारा. माझा घसा गेला, पण निवडणूक लागली.

अर्ज माघारीच्या दिवशी पारावर बैठक भरली. बघतो तर आमचा पुढारी माजी चेअरमनच्या मांडीला मांडी लावून बसलेला.

"दुष्काळ हाय," तो म्हणाला, "इलेक्शनचा खर्च कावून करायचा? बिनविरोध करू. गावाची एकी दिसंल."

निम्म्या जागा त्यांना, निम्म्या आम्हाला, आणि चेअरमन आमचा पुढारी. शाळेत एका डब्यात जेवलेलो आम्ही. मला आदल्या दिवशीसुद्धा यातलं काही बोलला नव्हता.

"आन छावणी?" मी विचारलं.

"ती हाय तिथंच ऱ्हाईल. जागा त्यांची हाय ना बे."

कुणी तरी गुलाल उधळला. एक मत पडलं नव्हतं, पण गुलाल पडला, माझ्याही डोक्यावर. तशाच अवतारात घरी गेलो.

बायको नुकतीच शेजारणींना मतदानाचं समजावून आली होती. माझं डोकं बघून म्हणाली, "जिंकलो का?"

मी सगळं सांगितलं. तिनं धारेची बादली घेतली, डोक्यावर पदर ओढला आणि माळाकडं निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "साहेब परका व्हता तवर भांडता तरी येत व्हतं. आता ह्या तुमच्या दोस्ताकडं भांडायला गेलं, तर चहा पाजंल."