चार बोल्ट

कारखान्यात सगळे त्याला बुवा म्हणायचे. डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेस मशीनचा तो फिटर. पाळी सुरू होताना मशीनसमोर डोळे मिटून हात जोडायचा, आणि तेवढा वेळ ऑपरेटर शिट्या मारायचे. त्याचं त्याला काही वाटत नसे. बावीस वर्षांत त्याच्या देखरेखीतल्या मशीनवर कुणाला साधं खरचटलंही नव्हतं, आणि याचं श्रेय तो देवाला देत आला होता.

थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला त्यानेच तिथे चिकटवलं. भावोजी तीन नंबरच्या प्रेसवर असायचे. तिला पुढून जाळीचा गार्ड होता. हात आत असला की प्रेस चालायचीच नाही. पण गार्डचा स्विच म्हातारा झालेला, येता-जाता मशीन बंद पाडायचा.

"काढून टाक ते लचांड," सुपरवायझर म्हणाला. "ऑर्डर अडकलीये."

"नवा स्विच मागवा ना साहेब, तेवढ्यानं भागेल."

"येईल तेव्हा येईल. तोवर तुझा देव आहे की बघायला!"

बुवा हसला. पाना घेऊन त्याने चार बोल्ट सोडवले, गार्ड भिंतीला टेकवून ठेवला, आणि रोजच्यापेक्षा जरा जास्तच वेळ हात जोडून उभा राहिला. नवव्या दिवशी भावोजींच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली गेली.

चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, 'गार्ड जखमी कामगाराने स्वतः काढला.' खाली साक्षीदार म्हणून बुवाची सही हवी होती. तो कागद त्याच्या खिशात असतानाच मालकांनी मशीनच्या रांगेत प्रार्थना ठेवली. बाहेरून आलेले प्रवचनकार म्हणाले, "बोटं घेतली, पण जीव राखला. यातली कृपा ओळखा!" सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सुपरवायझरने तर डोळेही पुसले. बुवाने हात जोडले आणि त्याच्या मनात आलं, हे देवाने केलं असेल तर मी सुटलो. साहेब सुटला. मालकही सुटले. सगळ्यांची किती चोख सोय झाली होती! जोडलेले हात त्याने सोडले.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर त्याने बहिणीला सांगून टाकलं, "ताई, गार्ड मी काढला."

तिने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या हातून ते देवानेच करवून घेतलं रे. तू मनाला लावून घेऊ नकोस."

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने सही केली नाही. काय घडलं ते स्वतःच्या हाताने लिहून कामगार खात्यात दिलं. गार्ड आठवड्याभरात परत बसला. बुवाची नोकरी गेली, आणि सुपरवायझर दुसऱ्या विभागात गेला, जरा मोठ्या खुर्चीवर.

ताईकडे दर गुरुवारी व्हायच्या त्या प्रार्थनेला तो जाईनासा झाला तेव्हा ताईने घरी बोलावून विचारलं.

"देव नाहीये ताई. माझं शोधायचं राहिलं, असं नाही. नाहीच आहे."

तिचा चेहरा पांढरा पडला. "गार्डचं मी तुला त्याच दिवशी माफ केलं. पण आता काय म्हणतोयस तू? मग ह्यांची बोटं उगीच गेली?"

"उगीच नाही. गार्ड नव्हता म्हणून गेली."

"ऊठ," ती म्हणाली. "आधी माझ्या घरातून बाहेर हो."

आता तो पाण्याचे पंप दुरुस्त करतो. एकट्याने, एका जिन्याखालच्या खोलीत. पूर्वी काही चुकलं की देवाकडे माफी मागून मोकळा व्हायचा. आता मागायची तर एकाच माणसाकडे. वर्षभराने ताई घरी नसेल अशी वेळ साधून तो गेला. भावोजी डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत होते.

"माझी चूक झाली भावोजी. माफ करा."

भावोजींनी एक बटण लावून पूर्ण केलं. "देव नाही म्हणालास, ते तुझ्या ताईला फार लागलंय," ते म्हणाले. "तू परत प्रार्थनेला यायला लाग. मग बघू."

"ते नाही जमायचं."

"मग मी तरी काय करणार?" भावोजी म्हणाले, आणि पुढच्या बटणाला लागले.