कुरळ्याच्या दुकानातली काकांची खुर्ची

बावीस वर्षं गल्लीचे केस कापले, पण स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, असा आमचा टकलेकाका. लोक थट्टा करायचे, काका हसून घ्यायचे. मात्र समोरच्या सलूनवाल्या कुरळ्याचं कुणी कौतुक केलं की त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. त्या कुरळ्याच्या डोक्यावर केसांचं रान माजलेलं, दुकानात सदा गर्दी, आणि वय अवघं पस्तीस. चडफडायला आणखी काय लागतं?

आणि आता त्याच कुरळ्याच्या दुकानात काका नोकरीला होते.

झालं असं की काकूंच्या हृदयाची एक झडप निकामी झाली. तपासण्यांपायीच काकूंच्या बांगड्या गेल्या, दोन खोल्यांची एक खोली झाली. ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या खिडकीतली बाई मान वर न करता म्हणाली, "आधी राहिलेले पैसे भरा, मग दाखल करू." काका तिथून तडक कुरळ्याकडे गेले. दुकानाची जागा भाड्याची, विकण्यासारखी चीज एकच होती. लोखंडी बैठकीची, पायपट्टी दाबली की वर चढणारी त्यांची खुर्ची. काकांनी सांगितली ती किंमत कुरळ्याने मुकाट्याने दिली, वर कामही दिलं. याचाच काकांना जास्त राग. मेल्याने जरा घासाघीस केली असती, तर निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

काकू वाचल्या. त्यांच्या छातीत धातूची झडप बसली. घरात सामसूम असली की तिची टिकटिक ऐकू यायची. काकू म्हणायच्या, "ऐका, तुमची खुर्ची इथे बसवलीय हो!" काका हसायचे नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना त्या टिकटिकीचासुद्धा हेवा वाटायचा. बायकोच्या काळजाचा हेवा करणारा मी कसला हलकट माणूस, असं मनात यायचं, आणि मग ते आणखीच चिडचिड करायचे. रोज घरी आले की पायातल्या चपला काढायच्या आधी सुरू व्हायचे, "आज कुणाकुणाला बसवलं माहितीये त्याने माझ्या खुर्चीत?"

दुकानात काकांना भिंतीकडची लाकडी खुर्ची मिळाली होती. त्यांची खुर्ची मधल्या मोठ्या आरशासमोर, आणि तिच्यामागे कुरळ्या. सगळ्यात जिव्हारी लागला तो बेकरीवाला. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक, हत्तीसारखा माणूस. पहिल्याच दिवशी तो आला, काकांकडे बघून हात हलवला आणि सरळ मधल्या खुर्चीत जाऊन बसला. "काका, राग नका मानू हं. मला हिचीच सवय झालीये," म्हणाला. म्हणजे इतकी वर्षं हा माझ्याकडे येत होता की खुर्चीकडे? काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

पण एक गोष्ट काकांनी राखून ठेवली होती. ती खुर्ची जड माणसाखाली हळूहळू खचायची. डोळ्याला कळायचंही नाही. दाढीला हात घालण्याआधी पायपट्टी दोनदा पूर्ण दाबायची, तिसऱ्यांदा अर्धी दाबून पाच मोजेपर्यंत धरायची, की मग ती जागची हलत नसे. हे काकांनी कुरळ्याला सांगितलंच नव्हतं. कुरळ्याकडून बेकरीवाल्याने आजवर केसच कापून घेतले होते, त्यामुळे काही बिघडलं नव्हतं. बिघडू दे एकदा, काका मनात म्हणायचे. चारचौघांत फजिती होऊ दे शहाण्याची.

एका रविवारी बेकरीवाला म्हणाला, "आज दाढीपण कर रे."

काकांच्या हातातली कात्री थांबली. बेकरीवाल्याच्या डाव्या जबड्याखाली वाटाण्याएवढा मस होता. तिथून वस्तरा फिरवताना काकासुद्धा श्वास रोखून धरायचे. कुरळ्याने फेस लावला, ऐटीत वस्तरा उघडला. आरशाच्या कोपऱ्यात दरपत्रक चिकटवलेलं होतं. आरशात बेकरीवाल्याचा कान त्या कागदाशेजारी, त्याच्या खालच्या कडेच्या वर दिसत होता. मग कडेला टेकला. मग कडेखाली गेला. कुरळ्या मसाजवळ पोचला होता. होऊ दे, काकांचं एक मन म्हणालं. अगदी स्पष्ट म्हणालं.

"हात वर!" काका ओरडले.

कुरळ्याने झटकन वस्तरा उचलला. तरी रक्ताचा एक थेंब फेसात उतरलाच. काका पुढे झाले, पायपट्टी दोनदा दाबली, तिसऱ्यांदा अर्धी. बेकरीवाला डोळे मिटून म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही. बसा निवांत," काका म्हणाले.

बेकरीवाला गेल्यावर कुरळ्याने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"बावीस वर्षांपासून."

"मग बोलला का नाहीत? त्याचा गळा कापला गेला असता, काका!"

"तू खुर्चीचे पैसे दिलेस," काका म्हणाले. "हे त्यात धरलं नव्हतं." बोलून गेले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. मग म्हणाले, "ये इकडे. पाय ठेव. अर्धी म्हटलं ना, अर्धी! घाई कसली?" चौथ्या खेपेला कुरळ्याला जमलं. दुपारी त्याने एका लठ्ठ माणसाची दाढी केली. खुर्ची तसूभर हलली नाही. काका बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी आज आधी चपला काढल्या. "खुर्ची गेली," ते म्हणाले. "तिची खोड सांगून टाकली त्याला. आता ती त्याचीच."

काकू भाजी चिरत होत्या. त्यांचा हात थांबला. "म्हणजे परत नाही घ्यायची आपण?"

"कशाने घेणार? आणि कशाला?"

काकू उठल्या. फडताळातल्या डब्यामागून त्यांनी एक जुनी पर्स काढली. आत थोड्या नोटा होत्या, आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट. "मी दिवसाआड घेते," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही रोज इतके जळता म्हणून... म्हटलं, वर्षभरात जमेल."

एक दिवससुद्धा चुकवायची नाही, नाहीतर झडपेत रक्ताची गुठळी होईल, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं. काका काकूंसमोर खाली बसले. खोलीत टिकटिक चालू होती. ती चालू आहे ना, हे ते कान देऊन ऐकत राहिले. मग उठले, पेला धुतला, पाणी भरलं आणि पाकिटातली गोळी काढून काकूंच्या तळहातावर ठेवली.

"माझ्यासमोर घे," ते म्हणाले.