शनिवारचं टेबल

आमच्या वकिली कचेरीचं बातमीपत्र मी काढते. कुणाला बढती, कुणाकडे बाळ, कोण काय समाजसेवा करतं, असलं. यंदा साहेब म्हणाले, "बाई नव्या घरी राहायला गेल्या. दोन ओळी अभिनंदनाच्या टाक." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू.

बाई म्हणजे आमच्या टायपिस्ट. दर शनिवारी सकाळी वाचनालयात आमची कचेरी फुकट सल्ला देते. वकील तासभर तोंड दाखवून जातात, टेबल सांभाळतात बाई. घरमालक छळतोय, पगार अडकलाय, जो तो आधी बाईंपाशी येऊन रडतो.

घरी त्यांची मोठी बहीण. ताईंची दृष्टी केव्हाच गेलीय. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत त्या अशा वावरायच्या की पाहुण्याला पत्ताही लागत नसे. चहा स्वतः करायच्या, वाळलेले कपडे काढायच्या, वर बाईंनाच म्हणायच्या, "दिवा लाव गं, तुला दिसत नसेल."

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते. नवा अशील आला की चहाच्या वेळी त्याचं नाव सगळ्यांसमोर वाचायचं. कुणाचा काही संबंध असेल तर तेव्हाच बोलायचं, कारण एका बाजूचं काम घेतलं की दुसरीचं घेता येत नाही. जुन्या इमारती विकत घेणाऱ्या एका कंपनीचं नाव वाचलं, तो शनिवार होता. बाई वाचनालयात. कंपनी त्यांचीच इमारत घेतेय हे आमच्या गावीही नव्हतं. साहेबांनी काम घेतलं.

मग घरं खाली करायच्या नोटिसा निघाल्या. खाली आमच्याच कचेरीचं नाव. बाई आपली नोटीस घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, आमची इमारत आहे ही."

"वाईट वाटतं हो. पण कंपनी आधी आली. तुम्ही दुसरा वकील बघा."

"तुम्ही कंपनीचं काम सोडलंत तर?"

"तरी तुमचं घेता येणार नाही मला. नियम आहे."

नियम मलाही कळतो. पण म्हणून आपल्याच माणसाला घराबाहेर काढायचं काम आपणच करायचं? मी तोंडावर बोलले. साहेब फोनला लागले.

त्या शनिवारी सगळी इमारत टेबलापुढे हजर. सल्ल्याला नव्हे, जाब विचारायला. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?" बाई परोपरीनं सांगत होत्या, मला खरंच माहीत नव्हतं. कोण ऐकतंय? ज्या शेजारणीच्या भरवशावर ताईंना ठेवून त्या कामावर यायच्या, तिनंही पाठ फिरवली.

दुसरा वकील लढला आणि हरला. इमारत रिकामी झाली.

अभिनंदनाची ती बातमी मी टाकली नाही. साहेबांनी टाकली, बाईंच्या फोटोसकट.

परवा मी बाईंबरोबर त्यांच्या नव्या खोलीवर गेले. तिथं राहायला आल्या आल्या ताई दोनदा दाराच्या चौकटीवर आदळल्या होत्या, कपाळाला अजून खोक आहे. तेव्हापासून त्या धसका घेऊन बसल्यात. सकाळी बाई त्यांना खुर्चीत बसवतात, हाताशी डबा आणि पाण्याचा तांब्या ठेवतात आणि कामावर येतात. आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. डबा संपला होता, तांब्या काठोकाठ भरलेला. बाई मला हळूच म्हणाल्या, "रोज असंच. पाणी प्यायलं की उठावं लागतं, म्हणून ती पीतच नाही."