शाळेतल्या नावाचं खातं

माझ्या बायकोनं लिहिलेलं सारं मीच पुसायला लावलं. संगणकाचे सर म्हणतात चूक त्यांची, कॉपी ठेवायला पाहिजे होती. चूक माझीच आहे.

तालुक्याच्या कॉलेजात मी संगणकाच्या खोलीचा शिपाई. ती तिथंच झाडू-पोछा करायची. माझी शाळा चौथीपर्यंत, तिची सातवीपर्यंत. दुपारी पोरं जेवायला गेली की ती एका जुन्या मशीनपाशी बसून लिहायची. आधीच्या मॅडमनं तिले मराठी टायपिंग शिकवलं होतं, तिचं स्वतःचं खातं उघडून दिलं होतं. काय लिहितं म्हणून विचारलं तं म्हणे, "पयले चष्मा करून आना, मंग वाचा." पासवर्ड विचारला तं म्हणे, "तुमाले सांगनं म्हंजे पानठेल्यावर सांगनं."

चष्मा काही मी केला नाही. तिच्या पोटात गाठ निघाली आन् ती गेली.

तेरवीले पोरगी म्हणाली, "बाबा, आईनं लिहिलेलं मले पाहिजे. कागदावर काढून ठेवा." मी हो म्हणालो.

त्याच दिवसांत सरांनी मशिनी एक करायचं काढलं. खोलीत तीन जातीच्या मशिनी. तिन्ही युनिक्स नावाच्या एकाच जुन्या प्रणालीच्या खानदानातल्या, असं सर म्हणत, पण हरेकीची खात्यांची यादी न्यारी, पासवर्ड न्यारा. पोरं एकीचा पासवर्ड दुसरीवर टाकत आन् माझ्यावर खेकसत. मशीन पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा चुरा करून ठेवते, आन् एकीचा चुरा दुसरीले उमजत नाही, असं सरांनी मले समजावलं. आता एकाच मशीनवर एकच यादी राहणार, बाकीच्या तिलेच विचारणार. त्याआधी बेवारस खाती काढायची होती. सर नावं वाचत, मी ओळखून सांगत.

"हा?"

"नागपूरले नोकरीले लागला. काढा."

"हा?"

"हा तं तीनदा नापास झाला. राहू द्या, अजून येते."

सर हसले. "काका, तुम्हालाच जोडून टाकतो मशीनला."

मग एका बाईचं नाव आलं. मी डोकं खाजवलं. "अशी कोनी नव्हती."

"नक्की?"

"इतकी वर्षं या दारात बसलो, सर. काढा."

सरांनी ते खातं काढलं, त्यातल्या फायलींसकट. यादी सरली तरी माझ्या बायकोचं नाव आलं नाही, तवा मी तिच्या खात्याचं विचारलं. सरांनी तिन्ही मशिनींवर तिचं नाव टाकून पाहिलं. या नावाचं खातंच नाही, म्हणाले.

रविवारी पोरगी कागद न्यायले आली. मी म्हटलं, "तुह्या आईचं खातंच नव्हतं म्हंते. खोटं बोलत होती का काय?"

"शाळेतल्या नावानं होतं, बाबा. मले सांगतलं होतं तिनं." आन् तिनं ते नाव घेतलं.

लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं मी तिचं नवं नाव लिहिलं होतं. माझ्या आईनं ठरवलेलं. माहेरी तिले सारेच बाई म्हणत. जुनं नाव कधीतरी पत्रिकेवर वाचलं असन, पण घरात ते कोणी घेतलं नाही. आन् तिनं मशीनले तेच सांगतलं.

सोमवारी सरांकडे गेलो. तोवर त्या मशीनची डिस्क पुसून सारं नव्यानं टाकून झालं होतं. सर दोन दिवस खटपट करत राहिले. काही निघालं नाही. मले त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बसलो नाही.

पोरीले सांगितलं ते सारं सांगितलं, माझ्या तोंडानं काढा म्हणालो तेही. तिनं विचारलं, "चाळीस वर्षांत तुमाले आईचं नाव माहीत नव्हतं?"

"नव्हतं," म्हणालो.

ती आईच्या दोन साड्या पिशवीत घालून गेली. आता फोन केला तं जावईच उचलते.